मिटलेला जबडा

प्रिय ठमाबाई,

मावशीचं एवढं लांबलचक पत्र कशाला, असं म्हणून बाजूला ठेवू नकोस. घरचा फोन तुझी आई उचलते आणि मला बोलायचंय तुझ्याशी, तुझ्या पाळीच्या दुखण्याबद्दल. लाजू नकोस. मी लाजण्यात उमेदीची वर्षं घालवली, हाती काही लागलं नाही.

मलाही तुझ्याच वयात सुरू झालं. आम्हाला शिकवण एकच: सगळ्यांचंच दुखतं, तोंड मिटून पडून राहा. मी मिटलं. पुढे दातांच्या लॅबमध्ये लागले, लोकांच्या कवळ्या घडवायला लागले, तरी दर महिन्याला 'पोट बिघडलंय' हेच सांगायचे. मालकांना वाटत असणार, ही बाई खाते तरी काय! शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पोटात पाहिलं आणि नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर भलतीकडेच वाढतं. म्हणजे नखरे नव्हते, नाटकं नव्हती. घरी येऊन मी आधी रडले आणि मग पोटभर जेवले.

औषधं चालू आहेतच. जोडीला बाईंनी ऑनलाइन वर्ग सुचवला, दुखण्याकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवणारा. सगळ्या याच आजाराच्या बायका. माझं डोकंच फिरलं. म्हणजे पुन्हा मनाचेच खेळ? पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या ताईंना तोंडावर विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आजार शरीरातच आहे आणि याने तो जाणार नाही. पण दुखण्याशी झुंजताना बाकीचं अंग किती आवळून धरता, ते तरी बघा.

एकदा ऐन कळा येत असतानाच वर्ग होता. गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून मी आडवी. ताई सांगत होत्या, तळवे, पोटऱ्या, खांदे, एकेकाकडे लक्ष न्या. जबड्यापाशी आले आणि अडकले. उघडेचना! अगं, झिजलेल्या दाढांचे साचे मी रोज हातात धरते, रात्री दात खाणारा माणूस साच्यावरून ओळखते, आणि माझ्याच तोंडात काय चाललंय याचा मला पत्ता नाही. हळूहळू जबडा सैल सोडला, तर आतून असा आवाज निघाला की शेजारच्या काकू पळत आल्या. माइक चालूच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने स्क्रीनवरच्या दुसऱ्या एका चौकटीतून तसंच कण्हणं ऐकू आलं, मग तिसरीतून.

दुखणं गेलं नाही, खोटं कशाला सांगू? पण आता ते पोटात असतं, दातांत नसतं. आणि लॅबमध्ये मी स्पष्ट सांगते, पाळीचं दुखतंय, आज बसूनच काम करणार. मालक छताकडे बघतात. बघू देत.

काल तुझ्या आईचा फोन आला. तू शाळेत चक्कर येऊन पडलीस हे सांगितलं आणि वर कौतुकानं म्हणाली, पोरगी अगदी तुझ्यावर गेलीय, हूं की चूं करत नाही. माझ्या अंगाची आग झाली. मुळीच जायचं नाही माझ्यावर! शनिवारी मी येतेय, डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. तुझ्या आईशी काय भांडायचं ते मी भांडेन. तोवर दुखलं तर ओरड. शेजारीपाजारी गोळा झाले तरी ओरड.

तुझीच,
भांडकुदळ मावशी