‘दादा’ या शब्दाचा जगभर शोध

१० जून
वाचनालयाच्या ग्रंथपालांनी शेवटी होकार दिला. महिनाअखेरच्या शनिवारी माझं भाषण. विषय: ‘दादा’, एक शब्द, अनेक भाषा. शिवणमशीन दुरुस्त करणाऱ्यानं भाषेवर बोलू नये असा कुठे कायदा आहे? रोज सकाळी दोन तास अभ्यास. शुभस्य शीघ्रम्. उद्यापासून.

११ जून
अभ्यास झाला नाही. दुकानात गर्दी. म्हणजे दोन गिऱ्हाइकं. दोघांनीही विचारलं, दादा कुठे? दादा जाऊन तीन महिने झाले. पण प्रत्येकाला काउंटरवर तेच रडगाणं कशाला ऐकवायचं? बाहेर गेलाय म्हणतो. अगदीच खोटं नाही. घरात तर नाहीच आहे.

१३ जून
शिंपीणबाईंची तिसरी खेप. त्यांचं मशीन दादानं उघडून ठेवलं होतं, चाकाला त्याचा लाल दोरा आहे. दादाचा नियम: काम संपेपर्यंत दोरा, आणि दोरा असलेल्या मशीनला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम. दादा आला की लगेच देतो म्हणालो. बाई म्हणाल्या, गणवेशांची ऑर्डर हातची जाईल, घरात कमावणारी मी एकटी. वाईट वाटलं. भाषणानंतर बघू.

१५ जून
भन्नाट! स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. फ्रेंच पोरं घोड्याला दादा म्हणतात. रशियन माणूस दा-दा म्हणाला तर नुसतं ‘हो, हो’. हिंदीत थेट आजोबा. घोड्याचं बहिणीशी काही नातं नाही, ज्याचं मूळ त्याच्यापाशी. म्हणजे शब्दाला स्वतःचा अर्थ नसतोच, नुसता आवाज असतो. हे एकदा सिद्ध झालं की फार हलकं वाटेल. श्रोत्यांना.

१८ जून, दुपारी
जेवून आलो तर मागच्या खोलीत मशीन चालल्याचा आवाज. काम झालं की दादा मशीन रिकामं चालवायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. अगदी तोच ठेका. आत गेलो, कुणी नाही. वारा असणार. भुताबितावर माझा विश्वास नाही. खोलीला कडी लावली ती धुळीसाठी.

२१ जून
पुन्हा आवाज. मधेच थांबला, दादा तेल घालायला थांबायचा तसा. तोंडातून निघून गेलं, काय रे दादा? उत्तर आलं असतं तर बरं झालं असतं.
उद्या कानाच्या डॉक्टरकडे.

२४ जून
डॉक्टरकडे गेलो नाही. कान उत्तम आहेत. भाषण जवळजवळ तयार, वीस पानं. फक्त मराठीतला अर्थ लिहायचा राहिलाय. तो काय, डाव्या हाताचा मळ. वहिनीला म्हटलं, भाषण जड आहे, तू कंटाळशील. ती म्हणाली, भाऊजी, मी येणार.

२९ जून, शनिवार
हजर: ग्रंथपाल, वहिनी, शिंपीणबाई, आणि पंख्याखाली झोपायला आलेले एक आजोबा. नमनालाच घडाभर तेल गेलं, पण घोडा छान रंगला. मग मराठीपाशी आलो. पान कोरंच. पाणी प्यायलो. शिंपीणबाईंनी विचारलं, ते राहू द्या, तुमचे दादा परत कधी येणार?
वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं. मग हळूच म्हणाली, त्यांना सांगा, भाऊजी.
सांगितलं. दादा मार्चमध्येच गेला. माइकमुळे फार मोठ्यानं ऐकू आलं. आजोबा जागे झाले. शिंपीणबाई रडल्या, मला रागावल्या आणि पुन्हा रडल्या. पुढचं भाषण झालं नाही. मला दादा हवा आहे. बाकी वीस पानं कुणी नेली तरी चालतील.

३० जून
संकल्प: यापुढे कुणालाही खोटं सांगायचं नाही. कडी काढली. लाल दोरा कापला. तीनदा कात्री लावावी लागली, बोथट आहे. एक स्प्रिंग बदलायची होती, बस. एवढ्यासाठी त्या बाईला तीन महिने ताटकळत ठेवलं.
संध्याकाळी मशीन घरपोच नेलं. शिंपीणबाई बाहेर गेल्या होत्या, सासूबाई होत्या. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मशीन मांडून दोन मिनिटं रिकामं चालवून दाखवलं. म्हातारी कान देऊन ऐकत होती. मग चेहरा उजळला. म्हणाली, दादा, आलात होय? फार दिवस लावलेत हो.
मी म्हटलं, हो आजी. जरा उशीरच झाला.