माझा चौक आणि बेशिस्त सायकलवाले

३ मार्च
आज माझ्या चौकाचं उद्घाटन. सायकलींसाठी वेगळी हिरवी पट्टी, वेगळा सिग्नल. डिझाइन संपूर्ण माझं. संध्याकाळी बघायला गेलो. एकही सायकलवाला थांबत नाही, पट्टी सोडून सगळे फुटपाथवर. ही जमातच बेशिस्त.

५ मार्च
ज्युनिअर इंजिनिअर म्हणाली, सर, पट्टी बसस्टॉपच्या खांबावर जाऊन संपते, लोक जाणार कुठे? म्हटलं, उतरायचं, सायकल उचलायची, वळसा घालायचा. हसली. आगाऊ.
उपाय: मोठा बोर्ड. 'नियम पाळा.'

९ मार्च
बोर्ड लागला. लोक त्याला सायकली टेकवून ठेवतात.

१० मार्च
बायको नर्स, सायकलनंच ड्यूटीवर जाते. जेवताना कळलं, तीही रोज लाल सिग्नल तोडते. माझ्या घरात! म्हणे सायकलचा सिग्नल हिरवा होतच नाही. म्हटलं, जरा धीर धर. म्हणाली, पेशंट धीर धरत नाहीत.
निश्चय: उद्यापासून मी स्वतः सायकलनं ऑफिसला. शिस्त म्हणजे काय ते या लोकांना दाखवतोच.

११ मार्च
चाकात हवा नव्हती.

१२ मार्च
आभाळ आलं होतं. सोमवारी नक्की.

१६ मार्च
निघालो. सिग्नलला थांबलो. गाड्यांचं हिरवं झालं, लाल झालं, परत हिरवं झालं. माझं लालच. मागून एक भाजीवाला ओरडला, काका, तो दिवा शोभेचा आहे! दुर्लक्ष केलं. ऊन चढलं. साहेबांनी ऑफिसात याच चौकाबद्दल मीटिंग ठेवलेली. शेवटी तांत्रिक कारणास्तव पुढे सरकलो. (सिग्नल तोडणं वेगळं.) खांबाशी फुटपाथवर चढलो, तेही तांत्रिकच. उतरताच हवालदारानं धरलं. सांगितलं, हा चौक मी बनवलाय. म्हणाला, बरं झालं भेटलात, तुम्हालाच शोधत होतो.
मीटिंगला पोचेपर्यंत चौक ज्युनिअरकडे गेला होता.

२ एप्रिल
तिनं खांब हलवला, पट्टी सलग केली, सायकलच्या सिग्नलला हिरव्याचा वेळ लावून दिला. बोर्ड काढून टाकला. कोपऱ्यावर उभा राहून पाहिलं. सगळे मुकाट्यानं थांबतात. माझ्या बोर्डाचा परिणाम, फक्त जरा उशिरा.

६ एप्रिल
मला नवं काम: ऑफिसचं पार्किंग. मोटारवाले सुशिक्षित असतात, यांच्याबाबत काळजी नाही. गाड्या आत लागल्यावर त्यांच्या मागे कठडे बसवून घेतले. संध्याकाळी एकही गाडी बाहेर निघेना, साहेबांचीसुद्धा. लोकांना धड रिव्हर्स घेता येत नाही.
माझीही आतच. बायको ड्यूटीवरून परतत होती, तिच्या कॅरिअरवर बसलो. चौकात लाल लागला, ती थांबली. म्हटलं, चल गं, कोणी बघत नाहीये. म्हणाली, उतर.
चालत घरी आलो. पादचाऱ्यांनाही काडीची शिस्त नाही.