असोल्या नारळाच्या मापाची कानटोपी

ती. वासंतीताईंना दत्तात्रेयचा नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? वेळणेश्वरच्या देवळात रोज जाणं सोडलंत असं कळलं. उत्तम केलंत, देव काही पळून जात नाही. मी बरा आहे. (तुमची धाकटी बहीण राही माघात गेल्यापासून 'बरा आहे' इतक्यांदा लिहिलंय की आता पेन आपलं आपणच लिहितं.)

पत्रास कारण, मी विणायला लागलो आहे. हसून घ्या. सीमेवर लढाई सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या ज्ञानेश्वरीवहिनींनी आळीतल्या अकरा बायका जमवून जवानांसाठी कानटोप्या विणायला घेतल्या. भर वैशाखात, रत्नागिरीत. मांडीवर लोकर, घामाने सुया निसटतायत, आणि जन्मात पातळ चादरीपलीकडे थंडी न पाहिलेल्या या बायका बर्फाची काळजी वाहतायत. फौज म्हणजे बर्फ, एवढंच आम्हाला ठाऊक. चौतीस वर्षं कचेरीत कागदांना टाचण्या टोचलेला मी, दोन सुयांना काय भितो, म्हणून मीही जाऊन बसलो.

डोक्याचं माप कशावर घ्यायचं यावर अडलं. बायकांना अंबाड्याची अडचण, आणि माझ्या टकलाला हात लावायचा वहिनींना संकोच. शेवटी आपल्याकडे सगळ्याच अडचणींवर जे निघतं तेच निघालं, नारळ. तोही असोला, सालासकट. प्रत्येकीने आपापल्या परसातला आणला. चाळीस टोप्या झाल्या, चाळीसही टोकदार, आणि प्रत्येक टोपी आपापल्या माडाच्या मापाची. माझी घालून पाहिली तर नाकाखाली उतरली. "भावोजी, नाकाला तरी ऊब मिळेल हो," वहिनी म्हणाल्या. सगळ्या हसल्या, मीही हसलो. राही गेल्यावर पहिल्यांदाच हसलो, आणि घरी येऊन त्याची लाज वाटली.

खरं सांगायचं तर मी टोप्यांसाठी गेलोच नव्हतो. राहीने समर्थसाठी विणायला घेतलेला निळा स्वेटर दुसऱ्या बाहीच्या अर्ध्यावर अडला होता. इस्पितळातही ती सुया घेऊन गेली होती. पोरगा सीमेवर आणि आईने विणलेला स्वेटर कपाटात, हे मला बघवेना. टोप्यांच्या पार्सलातून तोही पाठवावा म्हणून विणायला शिकलो, आणि बाही मीच पुरी केली. ती दुसरीपेक्षा वीतभर लांब झाली. समर्थचे हात कितीही लांब असले तरी इतके नाहीत, म्हणून उसवायला घेतली आहे.

गुडघ्यांना तेल लावत जा आणि माझ्यावर रागावू नका.

तुमचा,
दत्तात्रेय

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात समर्थचा फोन आला. तो वाळवंटात आहे, पंचेचाळीस डिग्रीत. संक्रांतीलाच त्याने आईला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, बदली काय, आज ना उद्या होतेच. म्हणजे ठाऊक असूनही ती विणत राहिली. मला दोघांनीही सांगितलं नाही. (स्वेटर पाठवू नका, असं मात्र तो म्हणाला नाही.)

आणखी ता. क. आता खरं काम. उसवता उसवता माझे टाके संपले आणि तिचे लागले, तिथे हात थांबला. तिथून पुढे पुन्हा विणणं माझ्याच्याने होणार नाही, ते तुम्ही करा. पत्र मिळताच एसटीने या. सुया आणू नका, तिच्या आहेत. तिच्या शेवटच्या ओळीत सुलटच्या जागी एक टाका उलट पडला आहे; त्या दिवशी तिला नीट दिसत नव्हतं. तुमच्या नजरेला तो खुपेल. तेवढा सुधारू नका.