पुदिन्याला दोन तांबे

ठाकुर्ली, १८ जानेवारी १९५४

सौ. शीलास सप्रेम आशीर्वाद.

इकडे मी आणि आई ठणठणीत आहोत. तुझा पुदिना मात्र आचके देतोय, आणि त्यात माझा काडीचा दोष नाही.

तू बाळंतपणाला माहेरी जाताना बजावलंस तसा मी डबा खिडकीत ठेवला, माती सुकली तरच पाणी घातलं. आई गावाहून आली आणि दुसऱ्याच दिवशी अंघोळ करून तिने त्याला तांब्याभर पाणी घातलं, वर हळदकुंकू वाहिलं. चटणीला चार पानं खुडायला गेलो, तर म्हणे आज द्वादशी, पान तोडू नये. मुळं कुजतील म्हणून मी डब्याला खाली भोक पाडलं, तर जमीन ओली होते म्हणून तिने ते मेणाने बुजवलं.

काल मी वैतागून म्हटलं, "आई, ही तुळस नाही, पुदिना आहे."

"नाक आहे मला," ती म्हणाली. "गेल्या खेपेला शीलाचं काय झालं ते विसरलास? ती सुखरूप सुटेपर्यंत हात जोडायला घरात काहीतरी हिरवं नको?"

मी भोक पुन्हा पाडलं आणि खाली ताटली ठेवली.

तुझ्या पायांची सूज उतरली का? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? दहा दिवस तुझं पत्र नाही. पोस्टमन पत्राविना गेला की आई दोन तांबे ओतते. पुदिना जगायला हवा असेल तर चार ओळी तरी लिही.

तुझा,
महिपत