पांढऱ्या चादरीवरची काच

मिनरल बेंड, नेवाडा
१७ फेब्रुवारी

प्रिय आर्लिस,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच शेगडीत टाकलं असतंस, म्हणून वरचा पत्ता मर्लकडून लिहून घेतला. तो कुरकुरलाच. म्हणाला, "बावन्न वर्षं संसार केला, पण लबाडीत हात द्यायची पाळी आज आणलीस." मी म्हटलं, गप लिही, आणि 'ओरेगॉन' नीट लिही. तेव्हा आता पाकीट फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. अकरा वर्षांनी लिहितेय, थोडं लांबणारच. गेल्या आठवड्यात तुझ्या मुलीचा, जोडीचा, मर्लला फोन आला होता. ती काय म्हणाली ते शेवटी लिहीन, कारण हे सगळं लिहायला बसले ती त्यासाठीच, आणि ते एकदम लिहायला माझा हात धजत नाही.

आधी बातमी. माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. रीनोला जाऊन जानेवारीत उजवा, पंधरा दिवसांनी डावा. पट्टी सोडली तेव्हा समोर मर्ल उभा. मी विचारलं, हा निळा शर्ट कधी घेतलास? तो म्हणाला, "सहा वर्षं तोच घालतोय. तूच म्हणायचीस, राखाडी शर्टात तू म्हातारा दिसतोस." घरी आले तर स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या. मी त्यांना इतकी वर्षं लोण्याच्या रंगाच्या समजत होते. बाहेर डोंगरावरच्या बर्फाची सावली निळी. मी खिडकीशी उभी राहून एखाद्या पोरीसारखी हसत होते, आणि मर्लला वाटलं औषध डोक्यात गेलं.

हसणं फार टिकलं नाही. दुसऱ्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, हे किती वर्षांचं होतं? ते म्हणाले, "बारा तरी असतील, जास्तच. हळूहळू चढतं, म्हणून माणसाला कळत नाही. निळा, जांभळा आधी जातात. मळकट दिसायला लागतात, तपकिरीकडे झुकतात." मी गाडीत बसले. मर्लने दोनदा विचारलं, दुखतंय का? मी मान हलवली. डोळा दुखत नव्हता.

तुला आठवतं, आपण सुरुवात केली तेव्हा पोरं शाळेत होती आणि आपल्याला घरातून बाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं. तुझी ती धूळ खाल्लेली लांब गाडी, मागे पाण्याचे कॅन, उकडलेल्या घेवड्याचं भांडं, आणि तुझ्या बापाची दुर्बीण. रेल्वेचे रूळ तर केव्हाच उचलून नेले होते, पण भराव होता, आणि भरावाच्या कडेने तारेचे खांब. काहींवर अजून त्या घंटेच्या आकाराच्या काचा बसलेल्या, ज्यांच्यावर कधीकाळी तार टेकलेली असायची. तू वर बघायचीस, मी खाली. वर बघणारीने काचा शोधायच्या, खाली बघणारीने साप, आणि तारा सांभाळणाऱ्या लाईनवाल्यांनी बदलून खाली फेकलेल्या जुन्या काचा. माझ्या हाती तुझ्यापेक्षा जास्त माल लागायचा आणि तू म्हणायचीस, "तुझी नजरच उकिरड्यावरची." किती वेळा तेच बोललीस, आणि दर वेळी मला हसू यायचं.

पण तू ज्यासाठी वर बघायचीस ते मला माहीत होतं. हार्लनने, तुझ्या लाईनवाल्या बापाने, तुला सात वर्षांची असताना कामावर नेलं होतं. गोदामातल्या जुन्या पेटीतली, कधी ऊन न पाहिलेली एक काच त्याने खांबावर चढवली, पाण्यासारखी पांढरी. खाली उतरून तुला म्हणाला, "ही काच ऊन पीत राहील. तू माझ्याएवढी झालीस की ती जांभळी होईल, तेव्हा बघायला ये." आणि तू किती उंच आहेस याची खूण म्हणून खांबाला तुझ्या डोक्याशी तीन खिळे ठोकले. दोन वर्षांनी तो वारला. तो खांब वळणाच्या पलीकडे कुठेतरी, एवढंच तुला आठवत होतं. खांब शेकडो. आपण दोघींनी तीस वसंत ऋतू ते तीन खिळे शोधले, आर्लिस. मी ते माझेच असल्यासारखे शोधले.

आणि तुला सापडले तेव्हा मी नव्हते. मर्लच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि मी तिकडे केक कापत होते. तू एकटी गेलीस, पुराने भराव खचला होता म्हणून खालून वळसा घालून चाललीस, आणि आपण नेहमी मागच्या बाजूने बघायचो त्या खांबाची पुढची बाजू तुला दिसली. रबराची वाटी लावलेल्या लांब काठीने काच फिरवून उतरवलीस, आणि मला फोन करून रडलीस. मी म्हटलं, अरे वा. बास, एवढंच. ते 'अरे वा' कसं निघालं ते तुला कळलं असणार. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की मी दमलेय. खरं म्हणजे मला हेवा वाटला. तुझी काच तुला मिळाली म्हणून नव्हे, माझ्याशिवाय मिळाली म्हणून.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचंय. आपल्या काचा जमवणाऱ्यांच्या क्लबच्या मेळाव्यात तू ती टेबलावर ठेवलीस, खाली तुझा टॉवेल, बाजूला हार्लनचा फोटो. आपल्या लोकांचा नियम जगजाहीर आहे. जांभळ्या काचेबद्दल शंका आली की ती बाहेर न्यायची, भर दुपारी, पांढऱ्या चादरीवर ठेवायची, आणि तिघांनी बघायची. किरणांच्या यंत्रात एका दुपारी शिजवून जांभळ्या केलेल्या खोट्या काचा बाजारात यायला लागल्या तेव्हा आपण दोघींनीच तो नियम आणला, चादरही तुझ्याच घरची. त्या दिवशी मी चादर मागितली नाही. हॉलच्या नळीच्या दिव्याखाली ती काच उचलली, फिरवली, आणि कडेला मला तपकिरी झाक दिसली, शिजवलेल्या काचेला असते तशी. दिसली म्हणजे खरंच दिसली, आर्लिस, एवढं तरी मान. मर्ल म्हणाला, "बाहेर उन्हात तरी बघ." मी म्हटलं, मला उन्हाची गरज नाही. तीस वर्षं माझा निकाल चुकला नव्हता, लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला ते आवडत होतं. मग मी ते बोलले, चाळीस माणसांसमोर, "बापाचं बोलणं खरं करायला शिजवून आणलीस का गं?"

कुणीतरी हातोडी पुढे केली, कारण खोटी काच तिथल्या तिथे फोडायची हाही आपलाच नियम. तू काच टॉवेलात गुंडाळलीस आणि म्हणालीस, "जिथली आहे तिथे जाईल." त्या शरद ऋतूत तू घर विकून जोडीकडे गेलीस. मी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असा तीनदा फोन केला. दोनदा वाजून वाजून थांबला, तिसऱ्यांदा जोडीने उचलला आणि म्हणाली, "आई आंघोळीला गेलीय." सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कुणी आंघोळीला जात नाही, एवढं मलाही कळतं.

तुझ्यामागे मी नवीन काचवाल्यांना शिकवायचं काम अंगावर घेतलं. मेळाव्यात माझं वेगळं टेबल असतं. त्यावर ओळीने खऱ्या काचा, समुद्री हिरव्या, निळ्या, जांभळ्या, आणि शेवटी कॉफीचा एक जुना डबा. डब्यात फुटक्या काचेचे तुकडे. मी एकेक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवते आणि सांगते, ही बघा, शिजवलेली काच अशी दिसते, हा मळकट रंग लक्षात ठेवा. नऊ वर्षं मी हे करतेय. लोक माना डोलावतात. त्यांतल्या कुणाकुणाचे डोळे वीस वर्षांचे होते, आणि एकानेही म्हटलं नाही की बाई, हा रंग मळकट नाही. माझ्या नावापुढे त्यांनी स्वतःचे डोळे बाजूला ठेवले.

रीनोहून परत आल्यावर चौथ्या दिवशी मी तो डबा काढला. सकाळचे दहा असतील. मी तुकडे खिडकीच्या पांढऱ्या चौकटीवर ओतले आणि शेजारी माझी एक खरी जांभळी काच ठेवली, मी स्वतः खांबावरून काढलेली, जिच्याबद्दल कुणालाही शंका नाही. रंग एकच होता. मग मी तुकडे जुळवायला बसले. जुळवता जुळवता दिसलं की एका बाजूचे तुकडे पिकल्या द्राक्षासारखे आहेत आणि समोरच्या बाजूचे फिके. एक बाजू दक्षिणेकडे, उन्हात होती, एक उत्तरेकडे, सावलीत. शिजवलेली काच सगळीकडून सारखी असते, यंत्राला दिशा कळत नाही. हे मी स्वतः लोकांना शिकवत आलेय. त्या मेळाव्यात मी ती काच बाहेर चादरीवर ठेवली असती, एकदा फिरवली असती, तर आंधळ्यालाही कळलं असतं. मर्ल आत आला, त्याने खिडकीत बघितलं, आणि टोपी काढून खुर्चीवर बसला. त्याला काही सांगावं लागलं नाही.

तुला आता कळलंच असेल ते तुकडे कशाचे. तरी मी लिहिते. तू गेलीस त्यानंतर दुसऱ्या वसंतात मी एकटी वळणापर्यंत गेले. वर बघणारी कुणी नव्हती म्हणून मीच वर बघत होते, आणि ती मला दिसली, तुझी काच, परत आपल्या जागी. खांबाला तीन खिळे होते. मी त्यांच्यावर हात ठेवला, गंज बोटांना लागला. म्हणजे मला माहीत होतं ती कुणाची आहे. मी स्वतःशी म्हटलं, कुणीतरी ही काढून नेईल आणि खरी म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारेल, नियम तो नियम. काठीने उतरवली, पोत्यात गुंडाळली आणि भरावाच्या दगडावर ठेवून हातोडी घातली. पण नियमाचं ते निमित्त होतं. तू फोन उचलला नाहीस म्हणून मी ती फोडली. एका घावात काम झालं असतं, मी तीन घातले. मग रडत तुकडे गोळा केले, आणि घरी आल्यावर त्यांचा धडा करून टेबलावर मांडला, म्हणजे आपण बरोबर होतो असं दर वर्षी वाटत राहील.

आता जोडीचा फोन. तिने मर्लला विचारलं, वळणापर्यंतचा रस्ता गाडीला चालेल का, कारण आईचे गुडघे आता फार दिवस साथ देतील असं वाटत नाही, आणि एप्रिलमध्ये तिला एकदा खांबाखाली उभं राहून आजोबांची काच बघायचीय. "आई कुणाला भेटणार नाहीये," ती म्हणाली, "फक्त वर बघून परत फिरणार." आर्लिस, वर काही नाही. काच जिच्यावर बसते ती लाकडाची खुंटी आहे, बास. तू इतक्या लांबून येऊन मान वर करशील आणि तिथे काही नसेल, आणि ते का नाही हे तुला त्या उजाड जागेत कळावं किंवा कधीच कळू नये, हे मला सहन होईना, म्हणून हे पत्र. क्लबला मी एप्रिलच्या मेळाव्यात उभी राहून सांगणार आहे, तुझ्या नावानिशी आणि माझ्या. पण आधी तुला. रस्ता चांगला आहे, मर्ल काल जाऊन बघून आला. मला भेटू नकोस, मी गाडीतून उतरणारही नाही. मर्ल डबा घेऊन येईल, आणि तुझी ती जुनी चादर, माझ्याकडेच राहिली होती, धुऊन ठेवलीय. भर दुपारी या. तीन खिळ्यांखाली ती अंथरा आणि तुकडे तिच्यावर ठेवा. तू, जोडी आणि मर्ल, तिघं होता. निकाल तुम्ही द्या. काच खरी आहे हे मला माहीत आहे, निकाल माझ्याबद्दल द्यायचाय.

तुझीच, उकिरड्यावरच्या नजरेची,
नेडीन