पाच प्रॉक्झिमो

ब्रॅडफर्ड, सोमवार, २७ ऑगस्ट १९३४.
लोकरीच्या पेढीत माझं बाविसावं वर्ष. आज नवी टायपिस्ट आली. मिस अ‍ॅक्रॉइड. नाक वर. पत्रातलं 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' गेला, 'प्रॉक्झिमो' येणारा, हे मी समजावलं. म्हणाली, "सगडनसाहेब, सरळ सप्टेंबर लिहिलं तर शाई जास्त लागते का?" सगळे खिदळले. बाईला महिन्याच्या आत वठणीवर आणायचं. संकल्प.

बुधवार.
तिची सहा पत्रं परत केली. चूक एकातही नव्हती, पण शिस्त म्हणून. तिनं सगळी पुन्हा टाइप केली. खचली आहे.

शुक्रवार, ३१. संध्याकाळी साडेपाच.
हॅलिफॅक्सच्या गिरणीला लिलावाचं पत्र सांगितलं : "पाच प्रॉक्झिमोला यावे." बया म्हणते, हे टाइप होणार उद्या, तारीख पडणार एक सप्टेंबर, मग प्रॉक्झिमोचा अर्थ ऑक्टोबर होईल! कच्च्या कागदावर तिनं पेन्सिलीनं 'सप्टेंबर' केलं होतं. मी खोडलं. समासात लिहिलं, "बोटं चालवा, डोकं नको." सही ठोकली. झकास वाटलं.

गुरुवार, ६ सप्टेंबर.
काल लिलावाला हॅलिफॅक्सवाले फिरकलेच नाहीत. लोकर पडून. मालक मर्गट्रॉइड कडाडले. मी शांतपणे सांगितलं, टायपिस्टची चूक. आता तिची नोकरी जाणार. अर्धं मिनिट वाईट वाटलं. मग जेवलो.

शुक्रवार.
मालकांनी कच्चा कागद मागवला. तिनं जपून ठेवला होता! असली माणसं मला आवडत नाहीत. मालकांनी समास मोठ्यानं वाचला. दोनदा. "अक्षर कोणाचं, सगडन?" म्हटलं, माझं अक्षर हल्ली बरेच जण गिरवतात.

सोमवार, १०.
माझी तळघरात बदली. नमुन्यांच्या पुड्यांना चिठ्ठ्या लावणं. जबाबदारीचं काम, कोणालाही देत नाहीत. माझं वरचं टेबल तिला दिलं. नाइलाज असणार.
दुपारी ती खाली आली. माझा डबा वरच राहिला होता, तो आणून दिला. म्हणाली, "जिन्यावर अंधार आहे, जपून. चार वाजता चहाला वर या."
दया! माझ्यावर! जाणार नाही म्हणजे नाही.
गेलो नाही.
साडेचारला गेलो. चहा संपला होता.