झटक्यांचं इंजेक्शन

१२ मार्च २००८
आर्यनच्या पायांना तेल चोळलं, कॅलिपर चढवले, शाळेत सोडलं आणि धावतपळत ड्युटी गाठली. बारा वर्षांचं पोर आता उचलवत नाही! याच वॉर्डात जन्मलं — सातव्याच महिन्यात.

आज कागलची संयोगिता आली. तिलाही सातवाच. पाणी गेलेलं, कळा सुरू. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, मॅग्नेशियम लावा." मी म्हटलं, ते तर बीपी वाढून बाळंतिणीला येणाऱ्या झटक्यांचं. हिचं बीपी चांगलं आहे की! "बाळाच्या मेंदूसाठी. लवकर जन्मणाऱ्या पोरांचे हातपाय ताठ होण्याचा धोका कमी होतो, असं दिसलंय. हमी नाही."

हमी कोण मागतंय! वीस वर्षं हे इंजेक्शन देतेय. झोपेतही देईन.

जेवणानंतर —
चुकलं माझं. ड्रिप लावून शेजारच्या बाईकडे वळले. परत येते तर नळीचं चाक बंद! संयोगिताची सासू चिमणाबाई पदरानं वारा घालतायत. हातात सब्जाच्या पाण्याचा पेला. "अंग भट्टीगत तापलंय पोरीचं! इंजेक्शन बाधलं. म्याच बंद केलं."

या औषधानं अंगाची आग होतेच. पण आधी सांगितलं कुणी त्यांना? वीस वर्षांचा तोरा मेला! लाज वाटली.

खाली बसले. म्हटलं, "मावशी, ही औषधाचीच गरमी. उतरंल. मी हलत न्हाय इथनं. औषध जास्त हुतंय का ते श्वास मोजून, गुडघ्यावर हातोडी मारून बघते."
"लेकराला काय हुनार न्हाय न्हवं?"
"माझ्या पोराचे पाय ताठ हायत, मावशी. तसं हिच्या बाळाचं हुऊ ने म्हणूनच हे."
म्हातारीनं पेला खाली ठेवला. मग जोरात — "मग सोडा की चाक! बघत काय बसलाय?"

१३ मार्च
सकाळी मुलगा. सव्वा किलो. रडला की अख्खा वॉर्ड वळला! काचेच्या पेटीत ठेवलाय.

२ एप्रिल
वजन चढतंय. नाव यशराज. निभावणार — मी सांगते!

९ ऑगस्ट २००९
चिमणाबाई पेढे घेऊन आल्या. यशराज त्यांचं बोट सोडून चार पावलं चालला — माझ्याकडे! भर वॉर्डात रडले. रडले तर रडले.

१० ऑगस्ट
आर्यनला सगळं सांगितलं. खूश झाला. मग विचारलं, "आई, माझ्या वेळी ते औषध नव्हतं व्हय?"

होतं. वॉर्डातल्याच कपाटात. ते बाळाच्या मेंदूलाही जपतं, हे तेव्हा इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. किल्ली माझ्याच कमरेला होती.